खुर्ची गरम ठेवणारे पावणं

आमच्या डेअरीत खुर्च्या किती होत्या ते आता आठवत नाही, पण पावणं जिच्यावर बसले नाहीत अशी एकही नव्हती.

पावणं हे त्यांचं नाव नव्हे. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात आणि ओळख झाली की नाव घेतात. ह्या माणसाला मात्र डेअरीत येऊन वर्षं उलटली तरी शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळे पावणंच म्हणायचे, कारण त्यांना स्वतःची अशी जागाच नव्हती. कंत्राटावर घेतलेला माणूस. ऑर्डरीत ‘संगणक सल्लागार’ असं लिहिलं होतं, सल्लागारानं बसायचं कुठं ते लिहायचं राहून गेलं होतं. मग ते सकाळी कॅशियरच्या खुर्चीत बसायचे. कॅशियर आला की उठायचे आणि खरेदी विभागात जायचे. खरेदीवाला आला की लॅबमध्ये. एकदा तर मॅनेजरसाहेब दौऱ्यावर होते तेव्हा त्यांच्या फिरत्या खुर्चीत बसून भडंग खात होते. साहेब अवचित दारात आले. दुसरा कुणी असता तर घास अडकला असता. पावण्यांनी कागद गुंडाळला, खुर्चीवरचे चुरमुरे झटकले आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, “बसा, ऊब हाय.”

थंडीत लोकांना ते बरं वाटायचं. चैत्रात कॅशियर बसण्याआधी फाइलनं खुर्चीला वारा घालायचा.

उठण्याचीही त्यांची एक रीत होती. हातातली ओळ अर्धी असेल तर ते उठायचे नाहीत. बोट वर करून थांबा म्हणायचे, ओळ पुरी करायचे, जतन करायचे, मग क्षणात जागा मोकळी. तोंडावर नाराजी नाही, कपाळाला आठी नाही.

मी त्या डेअरीत संगणक विभागाची प्रमुख होते. विभागात मी एकटीच असल्यामुळे प्रमुख होणं फारसं अवघड गेलं नव्हतं. नव्वदच्या दशकात संध्याकाळच्या क्लासला जाऊन मी कॉम्प्युटर शिकले आणि ते प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावलं. सर्व्हरवर मी क्रोशाचं झाकण विणून घातलं होतं. खोलीत चप्पल घालून आलेल्याकडे मी अशी बघायची की तो चपलेबरोबर पायही बाहेर ठेवू की काय ह्या विचारात पडायचा. आज ती तेव्हाची बाई माझ्या दारात आली तर मी तिला पाणी देईन, बस म्हणेन, आणि आतल्या खोलीत जाऊन पोटभर हसून येईन.

त्या बाईचं एकच तत्त्व होतं. मोकळं ते चांगलं. घरी बाहेरची खोली कायम आवरलेली, सोफ्यावर दुकानातून आला तसा प्लॅस्टिकचा कागद, मुलांना तिथं बसायची बंदी. माळ्यावर खोक्यात डिनर सेट, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की वाटायचं, ह्यांच्यासाठी कशाला काढायचा, अजून चांगले कुणी येतील. ते चांगले पाहुणे कोण ते मला अजून कळलेलं नाही.

पावणं एकदा जेवायला आले. आल्या आल्या सोफ्यावर बसले, कागद करकरला, तसे उठले आणि दोन्ही हातांनी तो कागद टरकावून काढला. आमचे हे हसू लपवायला खिडकीकडे गेले.

“वर खोक्यात काय हाय, अक्का?” माझ्यापेक्षा वयानं मोठे असून ते मला अक्का म्हणायचे. नेसरीचे होते, तिकडं कर्नाटकाचं वारं लागतं.

“डिनर सेट.”

“कुणासाठी?”

“पाहुण्यांसाठी.”

“मग मी कोण?”

त्या दिवशी डिनर सेट खाली आला. मी वाढत होते आणि मनात एकेका बशीचा निरोप घेत होते.

आता ह्या बाईच्या हाती डेअरीचा सर्व्हर दिला तर ती काय करील? त्यावर लिनक्स होतं. पावण्यांनीच बसवलेलं. आमच्याकडं गावोगावच्या दूध संस्थांचे कॅन सकाळी ट्रकनं यायचे. ते डॉकवर, म्हणजे पत्र्याच्या शेडमधल्या ओट्यावर, उतरायचे, नमुना घ्यायचा, फॅट काढायची, संस्थेचा क्रमांक मशीनमध्ये घालायचा. मशीन, म्हणजे तोच सर्व्हर, त्या संस्थेच्या मागच्या नोंदी शोधून डॉकवरच्या पडद्यावर दाखवायचं आणि चिठ्ठी छापायचं. चिठ्ठी निघाल्याशिवाय कॅन रिकामा करायचा नाही. चिठ्ठीला उशीर झाला की कॅन पत्र्याखाली तापत उभे. कोल्हापूरचं ऊन आणि म्हशीचं दूध, पुढचं सांगायला नको.

मशीनची मेमरी किती वापरात आहे आणि किती मोकळी आहे ते बघायची एक आज्ञा मला पावण्यांनी शिकवली होती. ती दिली की आकड्यांच्या तीन ओळी यायच्या. वरच्या ओळीत एकूण, वापरलेली, मोकळी आणि पुढं आणखी रकाने. मला ‘मोकळी’ हा शब्द दिसला आणि माझं काम ठरलं. डॉकच्या भिंतीवर फळा होता, त्यावर फॅटचे दर लिहिलेले असायचे. त्याच्याच कोपऱ्यात मी खडूनं रोज लिहायला लागले, ‘मोकळी मेमरी’, आणि पुढं आकडा. दिवसभर तो आकडा घटत जायचा. घटला की माझा जीव कासावीस.

उपाय मला सोपा सापडला. रोज सकाळी ट्रक यायच्या आधी मी सर्व्हर बंद करून चालू करायची. पाहुणे यायच्या आधी घर झाडून घ्यावं तसं. चालू झाल्यावर मोकळ्या मेमरीचा आकडा असा भरघोस यायचा की मी फळ्यावर तो जरा मोठ्या अक्षरात लिहायची.

मग ट्रक यायचे आणि मशीन रडत चालायचं. प्रत्येक संस्थेला डिस्क घरघर करायची. दुपारपर्यंत मशीन ताळ्यावर यायचं, पण तोवर गर्दी सरलेली. मी सगळ्यांना सांगायची, “बघा, सकाळी साफ केलं म्हणून आता कसं पळतंय.”

पावणं समजावायचे, पण त्यांचं समजावणं फार लांबून सुरू व्हायचं. मुद्दा मशीनचा, सुरुवात त्यांच्या आजोळच्या म्हशीपासून. ते बोलायला लागले की माणसं हळूच उठून जायची. मला तर पुढं शंका यायला लागली की त्यांना मोकळ्या खुर्च्या अशाच मिळतात.

“अक्का, ते मशीन रिकामं नका करू. रिकामं म्हंजे वाया. एकदा डिस्कवरनं आणलेलं ते टाकून देत न्हाई, जवळ ठेवतंय. परत कुणी मागितलं तर उठून जायला नको. ते सगळं तुमच्या वरच्या ओळीत वापरलेलं म्हणून धरलंय. पर कुणाला खरंच जागा लागली तर ते टाकून देतंय की. मूळ कागद डिस्कवर हायच.”

“आणि नवीन लिहिलेलं असेल तर?”

“तर आधी ते डिस्कवर पोचवायचं, मग जागा सोडायची. तिच्याच खालची ओळ वाचा. तिथं त्यानं ते वजा करून दिलंय.”

खालच्या ओळीच्या सुरुवातीला वजा आणि अधिक अशा दोन्ही खुणा होत्या. मला आपलं वाटायचं, ही ओळ म्हणजे अंदाजपंचे. ज्याला वजा का अधिक तेच ठरवता येत नाही त्याचं काय ऐकायचं? म्हणून मी ती ओळ कधी वाचलीच नाही. प्रमाणपत्र चौकटीत होतं ना.

खरं तर त्या ओळीवर पावण्यांचाही पुरता विश्वास नव्हता. “ती पण शंभर टक्के खरी न्हाई. जवळ ठेवलेल्यातलं थोडं सुटत न्हाई. मोकळं किती हे कशाला पायजे? मागितलं तर मिळंल किती, हे एका आकड्यात सांगाय पायजे. हे लिनक्स लिवणारी माणसं हुशार हाईत, कधी तरी घालतील.” घातला त्यांनी. परवा नात घरी बसून काम करत होती, तीच आज्ञा तिच्या पडद्यावर आली, तर शेवटी एक नवा रकाना, ‘अव्हेलेबल’. मला म्हणते, “आजी, मोकळं बघायचं नसतं, हे बघायचं.” मी म्हटलं, “बाळे, हा आकडा जन्मायच्या आधी मला नेसरीच्या माणसानं सांगितलाय. तू चहा टाक.”

त्यांचं हे सगळीकडे बसणं मला सुरुवातीला आगाऊपणा वाटायचा. एकदा गडहिंग्लजच्या बाजूच्या एका संस्थेत मशीन बसवायला आम्ही एसटीनं निघालो होतो. पावणं आधी बायकांच्या राखीव जागेवर बसले, बाई चढली तशी उठले, मग मागं, मग पुन्हा पुढं. उतरल्यावर मी म्हटलं, “एक जागा धरून बसवत नाही का तुम्हाला?”

ते चालता चालता म्हणाले, “आमी बौद्ध. आमच्या वडलास्नी गावात कुणी बस म्हणायचं न्हाई. खुर्ची मोकळी असायची, हे उभं. कामापुरतं बोलायचं आन यायचं. मला शिकवलं, तवा एकच म्हणालं, मोकळी खुर्ची दिसली की बसायचं, विचारायचं न्हाई. म्हणून मी त्यांच्या वाट्याचं पण बसून घेतो.” थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, “उठतो मात्र माझ्या मनानं. ज्याला गरज हाय त्याला जागा देतो. रुबाबाला न्हाई.”

 

त्या उन्हाळ्यात मुरगूडच्या बाजूचं दूध डॉकवर नासलं. संस्थांचे सेक्रेटरी चेअरमनच्या दारात येऊन ओरडले. चेअरमन म्हणजे धिप्पाड गडी, मिशीला पीळ, बोलला की कपाटाची काच वाजायची. ते फळ्यापुढं येऊन उभे राहिले.

“काय वो मॅडम, हा आकडा दुपारी एवढासा व्हतोय?”

“हो साहेब. मेमरी भरतेय.”

“म्हंजे मशीन पुरत न्हाई. मिटिंगात ठेवतो. ते लिनक्स पण नको आन सल्लागार पण नको. पुण्याची एक पार्टी हाय, सगळं नवं देतीया.”

म्हणजे पावण्यांची नोकरी माझ्या खडूनं घालवली असं होणार होतं. पण तेव्हा मला ते दिसलं नाही. मी नव्या मशीनला कोणत्या रंगाचं झाकण विणावं ह्याचा विचार करत होते.

मग मला ताप आला आणि मी काही दिवस घरी पडले. परत आले तेव्हा डॉकवरचा हमाल कॅन ठेवून म्हणाला, “मॅडम, राग मानू नका. तुमी रजेवर असला की मशीन झ्याक चालतंय.”

तो हसत निघून गेला. राग आला म्हणजे कसला. कॅशियरच्या खोलीत गेले. तिथं पावणं बसले होते.

“मी नसताना मशीन का चालतं?”

त्यांनी म्हशीपासून सुरुवात केली.

“म्हैस नको,” मी म्हटलं. “एका वाक्यात.”

एका वाक्यात बोलायची त्यांना सवय नव्हती. “तुमी रोज ट्रक याच्या येळंला त्याचं सगळं ध्यानातलं पुसता, आन मग त्याला इचारता, वळखलंस का?”

मी सर्व्हरच्या खोलीत गेले. खालची ओळ वाचली. पहिल्यांदा, बोट लावून, क्लासात वाचावी तशी. मशीनकडं दुपारीसुद्धा निम्म्याच्या वर जागा होती. रोज होती.

“मिटिंगपर्यंत हात लावू नका,” पावणं दारातून म्हणाले. “जमंल?”

“जमवते,” मी म्हटलं. बाई मूर्ख होती, पण ठरवलं की तिचं कुणी काही हलवू शकत नव्हतं. सर्व्हरच्या खोलीची किल्ली मी कमरेला लावली.

मिटिंगच्या दिवशी सकाळी फळ्यावर मोकळ्या मेमरीचा आकडा इतका लहान होता की तो मी दोनदा पुसून पुन्हा लिहिला. शिपाई तो वाचून खाकरला. आणि ट्रक यायच्या वेळेला चेअरमनच डॉकवर आले.

डॉकवर एकच खुर्ची होती, मशीनपुढं, आणि त्या दिवशी ऑपरेटर आला नव्हता म्हणून पावणं बसले होते. चेअरमननी फळा वाचला.

“मॅडम, ते बंद करून चालू करा.”

“नाही साहेब. दूध उतरेपर्यंत मशीन बंद होणार नाही.”

“मी चेअरमन हाय.”

“व्हय की. आणि मी विभागप्रमुख हाय. किल्ली माझ्याकडं हाय.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, किल्लीकडं बघितलं, आणि राग पावण्यांवर काढला. “ऊठ रं खुर्चीवरनं.”

पावण्यांनी मान वर केली नाही. “कामात हाय.”

“ऊठ म्हणतोय न्हवं.”

“ऐकलं. कॅन आल्यात.”

हमाल हातात कॅन धरून थिजले. मला माहीत होतं, हा माणूस दिवसातून कितीदा उठतो. शिपायासाठी उठतो, झाडूवाल्या मावशीसाठी उठतो. त्या क्षणी तो उठला असता तर मला वाईट वाटलं असतं, का ते मला एसटीतून उतरल्यावर कळलं होतं.

पहिल्या संस्थेचा क्रमांक घातला. चिठ्ठी निघाली. दुसरी निघाली. डिस्कचा आवाजच नाही. मुरगूडच्या ट्रकचा ड्रायव्हर रोजच्यासारखा चहाला निघाला होता, त्याला फाटकातून परत बोलवावं लागलं. कॅन तापायला वेळच मिळाला नाही.

पण चेअरमन काही कच्चे नव्हते. थोडा वेळ बघून म्हणाले, “बरं. पर मशीन भरलंय ते भरलंयच की. आता मोठं काम आलं तर ठेवणार कुठं?”

प्रश्न खरा होता. पावणं पहिल्यांदाच माझ्याकडं वळले. “अक्का, साऱ्या संस्थांचा महिन्याचा अहवाल आत्ता काढूया?”

तो अहवाल आम्ही दूध उतरून गेल्यावर काढायचो. मशीन त्यात गुंतलं आणि डॉक अडकला तर त्या दिवसाचं दूध जाणार, पावणं जाणार, आणि माझ्या चौकटीतल्या प्रमाणपत्राचा मी पंखा करून घ्यायचा.

“काढा,” मी म्हटलं.

आम्ही तिघं पडद्यापुढं. पावण्यांनी अहवाल सुरू केला आणि चिठ्ठ्यांच्या मधे मधे मेमरीचे आकडे पुन्हा पुन्हा मागवले. मोकळीचा आकडा तसाच, जेमतेम. पण जवळ ठेवलेल्याचा आकडा उतरायला लागला. अहवालाला जागा लागत होती तसं ते मागं सरकत होतं. चिठ्ठ्या जरा संथ झाल्या, पण थांबल्या नाहीत. मेमरी संपल्यावर डिस्कवर जी उसनी जागा वापरतात, तिचा आकडा हलला नाही.

“हे कोण उठतंय?” चेअरमननी पडद्यावर बोट ठेवलं.

“ज्याचं काम न्हाई ते,” पावणं म्हणाले. “काम असलेला आला, ह्यानं जागा दिली.”

अहवाल छापून बाहेर आला. चेअरमननी तो उलटा धरून वाचल्यासारखं केलं. मग मला म्हणाले, “तर मग फळ्यावर ते कशाला लिवता? माणसं भितीत.”

मी ओल्या फडक्यानं आकडा पुसला आणि खालच्या ओळीतला लिहिला. मिटिंगात पुण्याच्या पार्टीचा विषय निघालाच नाही. पावण्यांची ऑर्डर पुन्हा निघाली, आणि पुढं ते कायम झाले, तेव्हा त्यांना खुर्ची, टेबल आणि छोटी केबिन मिळाली. केबिनीत मुक्कामाचे ट्रक ड्रायव्हर झोपायचे. पावणं कॅशियरकडं.

पुढं डेअरीत निवडणूक झाली आणि चेअरमन पडले. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ते डॉकवर दिसले. त्यांच्या गावच्या संस्थेच्या फॅटची काही तक्रार होती, म्हणून सेक्रेटरीबरोबर ट्रकनंच आले होते. हातात काठी, गुडघे गेलेले. मिशी होती, पीळ नव्हता. खांबाला टेकून उभे राहिले. डॉकवरच्या नव्या पोरांनी त्यांना ओळखलंही नाही. एक जण म्हणाला, “जरा बाजूला व्हा, पावणं.”

मशीनपुढं आमचे पावणं बसले होते. त्यांनी बोट वर केलं, ओळ पुरी केली, जतन केली आणि उठले.

“बसा.”

म्हातारा हलला नाही. “त्या दिशी उठला न्हाईसा.”

“त्या दिशी तुमास्नी बसायचं न्हवतं. मला उठवायचं होतं. आज पाय दुखत्यात. बसा, ऊब हाय.”

ते बसले. काठी मांडीवर आडवी घेतली आणि पडद्याकडं बघत राहिले.

पावणं इकडं तिकडं खुर्ची शोधत माझ्या दारात आले. माझ्या खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यात मी होते. इतक्या वर्षांत ह्या एका खुर्चीत ते बसायचे ते फक्त मी नसताना. केस पिकलेले, डॉकवर उभं राहून दमलेले. मी हातातली ओळ पुरी केली, जतन केली, आणि उठले.

“बसा,” मी म्हटलं, “ऊब हाय.”

त्यांनी आधी खुर्चीला हात लावून बघितला.

“हाय की,” म्हणाले, आणि बसले.